लोणारच्या तळ्याला पायी वळसा

सहल म्हटली की महाबळेश्वर, नाही तर मुंबईची चौपाटी डोळ्यांपुढे येते. त्याला पैसा लागतो, सवड लागते. म्हणून खेड्यातल्या कुटुंबाची सहल बोलण्यातच राहून जाते. परंतु रिठद-रिसोड भागातील माणसाला एका दिवसात जाऊन येता येईल असे एक ठिकाण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे आणि ते पाहायला देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतात. ते म्हणजे लोणारचे सरोवर. पुष्कळ जण काठावरून तळे पाहतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. आमचे सांगणे एवढेच, की लोणार एकदा तरी पायी पाहावे.

रिठदहून पहाटे निघून रिसोडमार्गे लोणार गाठावे. ऊन चढण्यापूर्वी उतरायला लागलेले बरे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. शाळेतले गणित मुलांना करायला लावा : २२ भागिले ७ गुणिले १.८. म्हणजे वरच्या काठाचा फेरा साडेपाच किलोमीटरहून थोडा अधिक भरतो. खाली तळ्याच्या कडेचा फेरा त्याहून लहान. पण खाली उतरणे आणि पुन्हा चढणे त्यात धरावे लागते. काठापासून तळापर्यंतची खोली १३० मीटरहून अधिक आहे. उतरताना गुडघे बोलतात आणि चढताना छाती. सवय नसलेल्या माणसाला दमवील, पण थांबत थांबत पुरी करता येईल अशी ही वाट आहे.

खाली गेले की वरची सपाट शेते विसरायला होतात. बाभूळ, चिंच, सीताफळ, साग अशी झाडी दाटत जाते. मोर ओरडतात, माकडे फांद्या हलवतात. मध्येच पडकी, कोरीव दगडी देवळे लागतात. तळ्याजवळ आले की उग्र वास येतो. हे पाणी खारट आणि अतिशय क्षारयुक्त आहे. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने वाफ होते आणि क्षार मागे उरतात. काठाच्या उतारावर मात्र गोड्या पाण्याची धार वाहते. एकाच खळग्यात गोडे आणि खारे पाणी कसे, हा प्रश्न मुलांनी विचारलाच पाहिजे.

हे विवर झाले कसे? लवणासुर नावाच्या दैत्याला येथे मारल्याची कथा पूर्वापार सांगतात. अभ्यासक बराच काळ याला ज्वालामुखीचे तोंड समजत. पुढे तळाशी छिद्रे पाडून खडक तपासले गेले. प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाही अशी काच त्यात सापडली. १९७३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि उल्कापाताची गोष्ट पक्की झाली. वयाबद्दल पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे हा आकडा दिला जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हाही नाना वावड्या उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. ऐकीव गोष्ट तपासून कशी पाहावी, याचा एवढा चांगला धडा वर्गात बसून मिळणार नाही.

आता घरातील भगिनींविषयी. सहलीला मुले आणि पुरुष जातात, बाई डबा बांधून घरी राहते. सोयाबीन सोंगताना, तूर काढताना ती दिवसभर उभी-वाकलेली असते. पाणी, सरपण यांसाठी चालते. ही चाल तिला अवघड नाही. अवघड आहे ते कामाशिवाय, केवळ पाहण्यासाठी आणि जाणण्यासाठी चालणे, कारण तेवढी मोकळीक तिला कोणी दिलेली नसते. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी सर्वांनी मिळून बांधावी आणि आजी-आईला बरोबर न्यावे. ज्यांना उतरणे झेपणार नाही त्यांनी वरच्या काठाने जमेल तेवढे चालावे.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात जावे. एप्रिल-मेच्या उन्हात नको. पिण्याचे पाणी माणशी दोन लिटर घ्यावे, तळ्याचे पाणी तोंडात घालू नये. चपलेऐवजी बूट, अंगभर कपडे. हे अभयारण्य आहे. तळ्याचे पाणी वाढले की काठची वाट बुडते. म्हणून कोणती वाट खुली आहे हे वनखात्याच्या माणसाला विचारूनच उतरावे. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ धूर किंवा आरडाओरडा नको. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत स्थान मिळाले. तेथे आपला प्लॅस्टिकचा कचरा राहता कामा नये.

येत्या हिवाळ्यात गावातील चार-पाच कुटुंबांनी मिळून बेत करावा. मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. घरी आल्यावर प्रत्येकाने काय पाहिले ते लिहून काढावे, आणि ते आईने सर्वांत आधी वाचून दाखवावे. तिला वाचता येत नसेल तर तिने सांगावे, मुलांनी लिहावे.