सुकाणूवरचा हात : पीआयडी कंट्रोलरची शंभर वर्षं

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. माझ्या नोकरीची पहिली वर्षं अशाच एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात गेली. रसाच्या हीटरवर एक कंट्रोलर होता. कच्चा रस ७२ अंशांवर ठेवायचा आणि त्यासाठी वाफेचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करायचा, एवढंच त्याचं काम. एका रात्री मिलमध्ये ऊस अडकला, गाळप थांबलं, वाफेचा दाब पडला. पाऊण तासाने सगळं पुन्हा सुरू झालं, तेव्हा रस ७२ वर थांबलाच नाही. ऐंशी ओलांडून तो नव्वदीकडे निघाला, आणि व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडा. पॅनेलवरच्या काकांनी कंट्रोलर मॅन्युअलवर घेतला, व्हॉल्व्ह मिटवला आणि मला म्हणाले, "याला मागचं विसरता येत नाही बघा." काकांनी कॅल्क्युलस शिकलेलं नव्हतं. तरी माझ्या पुस्तकात जे दोन पानांत होतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

तो कंट्रोलर पीआयडी जातीचा होता : प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह. मराठीत प्रमाण, संकलन, विकलन. हवं असलेलं मूल्य आणि प्रत्यक्षातलं मूल्य यांच्यातला फरक, एवढीच याची शिदोरी. फरक आत्ता किती आहे हे प्रमाण बघतं. आजवर किती साचला आहे हे संकलन बघतं. कोणत्या वेगाने बदलतो आहे, म्हणजे थोड्या वेळाने कुठे पोचेल, हे विकलन बघतं. तिघांच्या म्हणण्याला कमी-जास्त वजन द्यायचं, बेरीज करायची आणि ती व्हॉल्व्हकडे पाठवायची.

यातलं प्रमाण सर्वांत जुनं. १७८८ साली लंडनच्या अल्बियन मिलमध्ये जात्याचे दगड सांभाळणारं फिरत्या गोळ्यांचं एक साधन मॅथ्यू बोल्टनने पाहिलं आणि भागीदार जेम्स वॉटला कळवलं. वॉटने तीच कल्पना वाफेच्या इंजिनाला लावली. वेग वाढला की गोळे फाकतात आणि वाफेची झडप मिटू लागते. वेग घटला की ती उघडते. काम चोख, पण एक खोड कायमची. समजा, फरकाच्या प्रत्येक अंशाला व्हॉल्व्ह १० टक्के उघडतो आणि पाणी ८० अंशांवर राखायला तो ५० टक्के उघडा लागतो. मग पाणी ७५ च्या आसपासच स्थिरावणार. तो फरक संपला तर व्हॉल्व्हच मिटेल! फरक टिकवूनच फरक आवरायचा, अशी ही गत. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ च्या आपल्या गव्हर्नरवरच्या निबंधात हा भेद नेमका पकडला. फरक शिल्लक ठेवणाऱ्या यंत्रांना त्याने मॉडरेटर म्हटलं आणि गव्हर्नर हे नाव वेग मूळ जागी आणणाऱ्या यंत्रांसाठी राखलं.

ही खोड सगळीकडे दोषच ठरते असं मात्र नाही. कोयनेसारख्या प्रकल्पातली जनित्रं देशभरच्या शेकडो जनित्रांबरोबर एकाच ग्रिडवर, ५० हर्ट्झच्या तालावर फिरतात. प्रत्येकाने स्वतंत्रपणे 'वारंवारता अगदी ५० लाच आणीन' असा हट्ट धरला, तर मोजमापातल्या किंचित फरकानेही ती एकमेकांशी झगडतील. म्हणून त्यांच्या गव्हर्नरमध्ये मुद्दाम थोडा उतार ठेवतात, त्याला ड्रूप म्हणतात. वारंवारता घसरली की प्रत्येक जनित्र आपल्या क्षमतेप्रमाणे वाटा उचलतं. उरलेली कसर भरून काढायचं काम त्यांच्या वरचं, सगळ्या ग्रिडकडे पाहणारं नियंत्रण करतं.

तिन्ही पदं एकत्र मांडून त्यांचं गणित करणारा माणूस होता निकोलस मिनोर्स्की. रशियन नौदलातला हा अभियंता १९१८ मध्ये अमेरिकेत गेला आणि १९२२ साली जहाजांच्या आपोआप दिशानियंत्रणावरचा त्याचा लेख छापून आला. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की त्याने आधी सुकाणू धरणाऱ्या खलाशाकडे पाहिलं. नवशिका होकायंत्राचा काटा बघून सुकाणू फिरवतो आणि जहाज नागमोडी चालतं. मुरलेला खलाशी जहाज किती वेगाने वळतंय ते बघतो आणि नाक सरळ होण्याआधीच सुकाणू उलट देऊन ती वळण्याची गती मोडतो. हे विकलन. वारा एका बाजूने सतत रेटत असेल, तर तो सुकाणू थोडं कललेलंच ठेवतो. हे संकलन. आपल्या किनाऱ्यावरचा तांडेलही हेच करतो. मिनोर्स्कीने या हाताचं समीकरण केलं. १९२३ मध्ये 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या आणि दिशेतली चूक अंशाच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आली. एवढं होऊनही नौदलाने ते यंत्र स्वीकारलं नाही. जहाजावरच्या माणसांचा त्याला विरोध होता.

कारखान्यांत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १९३० च्या दशकात फॉक्सबरो, टेलर अशा कंपन्यांचे दाबलेल्या हवेवर चालणारे कंट्रोलर तेल आणि रसायनांच्या कारखान्यांत बसले. धातूचे भाते, बारीक छिद्रं आणि ३ ते १५ पीएसआय हवा, यांच्यावर ते गणित चालायचं. पुढे हवेच्या जागी ४ ते २० मिलिअँपिअर वीज आली. सुरुवात शून्याऐवजी ४ वर का? तार तुटली की प्रवाह शून्य होतो, आणि तुटलेली तार व खरं शून्य यांत गल्लत होत नाही.

यंत्र मिळालं, पण तीन बटणं कुठे ठेवायची? याचं पहिलं सोपं उत्तर टेलर कंपनीच्याच जॉन झीग्लर आणि नॅथनिएल निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलं. संकलन आणि विकलन बंद करा. प्रमाण वाढवत न्या, लूप, म्हणजे मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांचं चक्र, एकसारखा झुलू लागेपर्यंत. ते प्रमाण आणि झोक्याचा काळ टिपा. मग प्रमाण त्याच्या ०.६ पट, संकलनाचा काळ झोक्याच्या निम्मा, विकलनाचा एक अष्टमांश. आजही इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थ्याला हे पाठ असतं. माझं मत विचाराल तर सुरुवात म्हणून हे उत्तम, शेवट म्हणून नाही. या आकड्यांवर लूप जरा जास्तच उसळतो. चालत्या बॉयलरवर मुद्दाम झोके आणायला कोणता शिफ्ट इंजिनिअर परवानगी देईल?

आता काकांचं वाक्य. वाफ नव्हती त्या पाऊण तासात रस थंड होता आणि व्हॉल्व्ह आधीच १०० टक्के उघडलेला. तरीही संकलन फरक साठवतच राहिलं. वाफ आल्यावर ती सगळी साठवण उलट्या फरकाने फिटेपर्यंत व्हॉल्व्ह हलेना. याला वाइंडअप म्हणतात. उपायही सोपा आहे : व्हॉल्व्ह टोकाला पोचला की साठवण थांबवायची. आजच्या कंट्रोलरांत ही सोय असते, आमच्या त्या जुन्या डब्यात नव्हती. विकलनाची तऱ्हा वेगळी. मोजमापातली जराशी थरथर ते कैकपटींनी वाढवतं आणि व्हॉल्व्ह थडथडू लागतो. म्हणून बहुतेक ठिकाणी विकलन शून्यावर ठेवतात. तापमानाच्या सुस्त लूपमध्ये मात्र त्याची किंमत कळते. आणि हवेत तोल सांभाळणाऱ्या ड्रोनचं तर त्याच्यावाचून चालत नाही.

कॅनडातल्या कागद कारखान्यांविषयी बियाल्कोव्स्की यांनी १९९३ मध्ये जे मांडलं, ते वाचून मी अस्वस्थ झालो होतो. एकेका कारखान्यात दोन हजारांहून जास्त लूप, त्यांतले ९७ टक्के पीआय, म्हणजे विकलन नसलेले, आणि नीट चालणारे जेमतेम २० टक्के. दोष गणिताचा नव्हता. आकडे चुकीचे भरलेले, व्हॉल्व्ह अडकणारे. आपल्याकडेही पॅनेलवर 'मॅन्युअल'चे दिवे किती लागलेले असतात, हे काम करणाऱ्यांना सांगायला नको.

यंदाच्या हंगामात पॅनेलसमोर उभ्या राहणाऱ्या तरुण इंजिनिअर मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती. आकडे बदलण्याआधी जुने आकडे वहीत लिहा. व्हॉल्व्ह अडकतो का, ते आधी तपासा. आणि लूप मॅन्युअलवर दिसला, तर तो कुणी आणि का टाकला, हे तिथल्या काकांना विचारा.