कापसाची धूळ, गुळाचा खडा आणि फुप्फुसे

दिवाळीनंतर वर्धा जिल्ह्यात कापसाचा हंगाम भरास आला, म्हणजे हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या पेठांतील जिनिंगच्या कारखान्यांत सरकीपासून रुई वेगळी होताना जी सूक्ष्म धूळ उडते, ती छातीत बसू नये म्हणून मजुराने गुळाचा खडा खावा, ही समजूत अजून दृढ आहे. वस्तुतः घास गिळताना श्वासमार्ग मिटतो आणि गूळ अन्ननलिकेवाटे जठरात उतरतो. तेव्हा त्याने घशाची खवखव घटकाभर शमेल, फुप्फुसातील धूळ निघणार नाही. स्थूल कण नाकात आणि श्वासनलिकांतील कफात अडकून वर ढकलले जातात. अतिसूक्ष्म कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

हे वायुकोश सुमारे ३० ते ५० कोटी असून, त्यांचे एकूण पृष्ठ ७० चौरस मीटरांच्या आसपास भरते, आणि त्यांतील हवा व केशवाहिनीतील रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. या पडद्यातून प्राणवायू रक्तात आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो केवळ दाबाच्या तफावतीने. फुप्फुसांना स्वतःचे आकुंचन-प्रसरण करणारे स्नायू नाहीत, ते काम मुख्यत्वे श्वासपटलाचे. उच्छ्वास म्हणजे निव्वळ दूषित वायू, हेही खरे नव्हे: आत येणाऱ्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, बाहेर पडणाऱ्या हवेतही सुमारे १६ टक्के उरतोच, आणि म्हणूनच तोंडाने दिलेला कृत्रिम श्वास मूर्च्छिताला तारू शकतो.

दम लागला म्हणजे हवा आत शिरत नाही, असे मानून घरची मंडळी रुग्णाला मोठा श्वास घ्यायला सांगतात. दीर्घकालीन श्वासरोधाच्या विकारात, ज्यास डॉक्टर सीओपीडी म्हणतात, अडचण बहुधा उलट असते: श्वास सोडताना अरुंद नलिका मिटतात, जुनी हवा आतच कोंडते, नव्या हवेला जागा उरत नाही. वायुकोशांच्या भिंती फाटल्या तर विनिमयाचे पृष्ठच घटते. अशा रुग्णास ओठ मुडपून सावकाश श्वास सोडण्याने अधिक आराम पडतो.

हा विकार बिडी ओढणाऱ्यांचाच, ही समजूत मला सर्वांत अन्यायाची वाटते. कारण बिडीला कधी स्पर्शही न केलेल्या, परंतु पऱ्हाटी आणि गोवऱ्यांच्या धुरात जन्मभर स्वयंपाक केलेल्या स्त्रियांनाही तो जडतो, आणि त्यांच्या खोकल्याला वयाचे कारण लावून सगळे मोकळे होतात. वर्ध्याच्याच मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून, धुराड्यावाटे धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' पुढे आली, याचे स्मरण या जिल्ह्याने तरी ठेवावे.

कापूस-कामगाराची छाती साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते, तो आळसही नव्हे, बहाणाही नव्हे. बायसिनोसिस या रोगाचे ते प्रसिद्ध लक्षण आहे. आरंभी धुळीपासून दूर झाल्यास तो मागे हटतो, वर्षानुवर्षे दुर्लक्षिल्यास कायमचा होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने त्याची गणना नोंदणीय रोगांत केली होती, आणि असा रुग्ण आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकास कळविणे डॉक्टरवर बंधनकारक केले होते. म्हणून दवाखान्यात खोकल्याची हकीकत सांगताना आपण कोणत्या खात्यात, किती वर्षे काम करतो, हे मजुराने आवर्जून सांगावे.