समुद्रातील पाहुणे आणि हिवाळ्याची कसोटी

श्रोतेहो, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात चेझिल नावाचा एक लांबलचक किनारा आहे. लांबी सुमारे २९ किलोमीटर. पण त्यावर वाळू म्हणून नाही, सर्वत्र गोटे पसरलेले आहेत. पश्चिमेच्या टोकाला हे गोटे वाटाण्याएवढे असतात आणि पूर्वेकडे जावे तसतसे मोठे होत बटाट्याएवढे होतात. काळोख्या रात्री किनाऱ्याला लागलेला कोळी हातात गोटा घेऊन आपण कोठे पोहोचलो हे ओळखीत असे, असे तेथे सांगतात. ऐन हिवाळ्यात, बोटे बधिर करणाऱ्या वाऱ्यात, या गोट्यांवर माणसे गळ टाकून तासन् तास उभी असतात. आपल्या कोकणात ज्याला गरवणे म्हणतात, तेच हे. त्यांना हवे असतात कॉड आणि व्हायटिंग हे थंड पाण्याचे मासे; थंडी पडली की ते किनाऱ्याजवळ येतात.

याच किनाऱ्यावर हिवाळ्याच्या तोंडाशी कधी कधी एक निराळाच मासा मरून पडलेला आढळतो. अंग चपटे, रंग राखाडी, कातडे जाड आणि पाठीवर एक भक्कम काटा. हा काटा उभा राहिला की त्यामागचा दुसरा लहान काटा त्याला खिळीसारखा अडकवून ठेवतो. लहान काटा दाबला म्हणजेच मोठा खाली येतो. बंदुकीच्या चापाची आठवण करून देणाऱ्या या रचनेमुळे इंग्रजीत त्याचे नाव ट्रिगरफिश असे पडले. हा मासा मूळचा भूमध्य समुद्रातला आणि अटलांटिकच्या उबदार भागातला. मग तो इतक्या उत्तरेस आला कसा, आणि आल्यावर मेला का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे. इंग्लंडचे प्लिमथ बंदर आणि अटलांटिकपलीकडचे न्यूफाउंडलंड बेट यांचे अक्षांश जवळजवळ सारखे आहेत. पण न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळून हिमनग तरंगत जातात आणि प्लिमथचे बंदर हिवाळ्यातही मोकळे असते. नैर्ऋत्येकडून येणारा अटलांटिकचा उबदार प्रवाह आणि पश्चिमेचे वारे यांचा हा प्रताप आहे. त्या भागात समुद्राच्या पाण्याचे तापमान उन्हाळ्याच्या अखेरीस सुमारे १६ ते १७ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. आपल्या गोव्याच्या समुद्राच्या मानाने हे पाणी गारच. पण दक्षिणेकडच्या पाहुण्याला तेवढी ऊब पुरते. तो उन्हाळ्यात येतो, कालवे व खेकडे दातांनी फोडून खातो आणि सुखाने राहतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्यामुळे हवा गार झाल्यावरही नोव्हेंबरपर्यंत समुद्रात थोडी ऊब शिल्लक असते, आणि खरी थंडी पाण्यात उतरते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा तापमान ९ अंशांच्या आसपास येते. माशाचे रक्त आपल्यासारखे कायम ऊन नसते. बहुतेक माशांच्या अंगाची उष्णता भोवतालच्या पाण्याएवढीच असते. पाणी निवले की उबदार पाण्याच्या माशाचे स्नायू मंद होतात, भूक मरते, प्रवाहाशी झुंजण्याचे बळ उरत नाही, आणि अखेर लाटा त्याला गोट्यांवर आणून टाकतात.

येथेच या विषयाचे मर्म आहे. उन्हाळ्यात आलेला परका मासा हा पाहुणा असतो. तो रहिवासी झाला की नाही, हे हिवाळा ठरवतो. माघ महिन्याच्या थंडीतही जो जिवंत राहतो आणि पुढच्या वर्षी ज्याची पिले त्याच पाण्यात दिसतात, त्यानेच तेथे घर केले असे समजावे. बास या माशाची गोष्ट पाहा. ब्रिटनचे किनारे हे त्याच्या वस्तीचे उत्तरेकडील टोक. त्याच्या पिलांना पहिला हिवाळा पार पाडणे फार कठीण जाते. कडक थंडीत ती मोठ्या संख्येने मरतात, सौम्य हिवाळ्यात तगतात. १९८९ च्या उबदार वर्षी जन्मलेली पिढी अशीच मोठ्या संख्येने तगली आणि पुढे कित्येक वर्षे मच्छीमारांच्या हाती लागत राहिली. याउलट १९६२-६३ च्या भयंकर हिवाळ्यात ब्रिटनच्या किनाऱ्यांवरील असंख्य प्राणी मेले, आणि उष्णताप्रिय जातींना त्याचा विशेष फटका बसला.

मग एखादा परका मासा गळाला लागला, तर समुद्र कायमचा तापला असे म्हणावे काय? एवढी घाई बरी नव्हे. प्लिमथ येथे १८८८ पासून सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तेथील फ्रेडरिक रसेल यांनी पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. १९३० नंतरच्या काही वर्षांत तेथील हेरिंग मासा नाहीसा झाला आणि उबदार पाण्यातला पिल्चर्ड वाढला. पुढे १९७० च्या सुमारास सूक्ष्म जीवांचे पारडे पुन्हा उलट फिरले. म्हणजे समुद्रालाही स्वतःचे लांब पल्ल्याचे चढउतार असतात. ऑक्टोपसचेही तसेच. १८९९-१९०० मध्ये आणि पुन्हा १९५० मध्ये इंग्लंडच्या त्या किनाऱ्यावर ऑक्टोपसांची अचानक रेलचेल झाली आणि काही काळाने ओसरली. सौम्य हिवाळ्यानंतर २०२५ साली ते पुन्हा मोठ्या संख्येने आले, मच्छीमारांच्या पिंजऱ्यांत शिरले आणि आतले खेकडे व शेवंडे फस्त करून गेले. पाहुणा आला म्हणजे कोणाच्या तरी ताटातले कमी होते, हेही यातून दिसते.

तथापि सर्वच बदल ओसरणारे नसतात. अ‍ॅलिस्टर हार्डी या शास्त्रज्ञाने एक साधे यंत्र तयार केले. व्यापारी जहाजामागे ते ओढले जाते आणि त्यातील रेशमी पट्टीवर समुद्रातील सूक्ष्म जीव गोळा होतात. १९३१ पासून या नोंदी चालू आहेत. त्यांच्या आधारे २००२ साली असे दाखवून देण्यात आले की, १९६० पासूनच्या सुमारे ४० वर्षांत ईशान्य अटलांटिकमधील उबदार पाण्याचे सूक्ष्म प्राणी १० अक्षांशांहून अधिक उत्तरेकडे सरकले आणि थंड पाण्याचे मागे हटले. कॉडची पिले ज्या थंड पाण्याच्या जीवांवर वाढतात, तेच उत्तर समुद्रात विरळ झाले. त्यात बेसुमार मासेमारीची भर पडली. म्हणून चेझिलच्या गोट्यांवर उभ्या असलेल्या माणसाला दोन गोष्टी एकदम दिसतात: नवा पाहुणा येतो आहे आणि ज्याच्यासाठी तो थंडीत उभा आहे तो कॉड दुर्मिळ होतो आहे.

ही गोष्ट केवळ दूरदेशीची नाही. आपल्याकडची तारली १९८५ पर्यंत मुख्यतः केरळ व कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत, ८ ते १४ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान मिळत असे. त्यानंतर ती उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही मोठ्या प्रमाणात मिळू लागली, असे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदी सांगतात. केरळात मात्र २०१२ साली विक्रमी तारली मिळाली आणि पुढे ती इतकी घटली की, २०२१ साली अवघी सुमारे ३,३०० टन हाती लागली. यामागे केवळ पाण्याची उष्णता आहे असे नव्हे. लहान तारली पकडून टाकणे आणि पावसाळी पाण्यातील अन्नाची चढउतार हीही कारणे आहेत. पण ज्या घराची चूल स्वस्त तारलीवर पेटत होती, त्या घराला कारण कोणतेही असो, फरक जाणवला.

म्हणून, श्रोतेहो, परका मासा दिसला तर नुसते नवल करून थांबू नये. तो कोणत्या तारखेला, कोठे, केवढा मिळाला, जिवंत होता की मेलेला, आणि बरोबर त्याची पिले होती काय, एवढे पाच शब्द वहीत लिहून ठेवावे आणि मत्स्य खात्याला किंवा संशोधन संस्थेला कळवावे. प्लिमथच्या प्रयोगशाळेला जे उमगले, ते अशाच साध्या नोंदी पिढ्यान् पिढ्या न कंटाळता ठेवल्यामुळे. आपल्या किनाऱ्यावर पहाटे होड्या लागतात तेव्हा टोपलीत काय आले हे सर्वांत आधी पाहणारे डोळे कोळी बंधु-भगिनींचे असतात. त्यांच्या हाती अशी एक वही असेल, तर कोणता मासा पाहुणा, कोणता नवा रहिवासी आणि कोणता निरोप घेऊन निघाला, हे आपल्याला वेळीच कळेल. आणि जाळी, होड्या व कर्ज यांचा विचार त्या माहितीवर करता येईल.