एस्टोनियातील नवप्रवर्तन-व्यवस्थेची जडणघडण

नवप्रवर्तन म्हणजे केवळ नवा शोध नव्हे. तो शोध उत्पादनात व व्यवहारात उतरणे हा त्याचा मर्मभाग होय. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रीमन यांनी १९८७ साली जपानच्या अभ्यासात राष्ट्रीय नवप्रवर्तन-व्यवस्थेची कल्पना विवरिली, ती याच अर्थाने. विद्यापीठे, प्रयोगशाळा, कारखाने व शासन यांच्यापेक्षा त्यांच्यामधील परस्परसंबंधांना तीत अधिक महत्त्व आहे. साम्यवादी राजवट संपलेल्या देशांची अडचण नेमकी येथेच उद्भवली. सोव्हिएत पद्धतीत संशोधन मुख्यतः विज्ञान अकादमीकडे, अध्यापन विद्यापीठांकडे आणि उत्पादन निरनिराळ्या मंत्रालयांच्या कारखान्यांकडे असे. त्यांना जोडणारा धागा नियोजनाचा. तोही वरून खाली सोडलेला. तो तुटताच संस्था उरल्या, संबंध मात्र लोपले.

१९९१ साली स्वतंत्र झालेल्या एस्टोनियाने प्रथम विज्ञानाची घडी बसविली. स्वीडिश शास्त्रज्ञांकडून देशातील संशोधनाचे मूल्यमापन करून घेण्यात आले, तज्ज्ञांनी पारखलेल्या प्रकल्पांना अनुदान देण्याची प्रथा पडली, आणि पुढे अकादमीच्या बहुतेक संस्था विद्यापीठांना जोडण्यात आल्या. ही सुधारणा धाडसाची खरी. परंतु ती विद्वानांनी विद्वानांची केलेली पारख होती. कारखानदाराला तीत स्थान नव्हते. आणि हा कारखानदार तरी कोण? तालिनमध्ये फिनलंडच्या एल्कोटेक कंपनीने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुळणी सुरू केली. त्यायोगे निर्यात वाढली. तथापि वस्तूंचे आराखडे परदेशातच होत असल्याने स्थानिक प्रयोगशाळेला त्यातून फारसे काम मिळाले नाही.

याउलट जुन्या व्यवस्थेचा एक अवशेष अनपेक्षितपणे फलदायी ठरला. १९६० साली स्थापन झालेल्या सायबरनेटिक्स संस्थेच्या उपयोजित संशोधनविभागातून १९९७ साली सायबरनेटिका ही कंपनी निघाली. शासकीय नोंदवह्यांना परस्परांशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या व २००१ साली कार्यान्वित झालेल्या ‘एक्स-रोड’च्या उभारणीत तिचा वाटा मोठा आहे. येथे शासन केवळ अनुदानदाता राहिले नाही. ते चोखंदळ ग्राहक बनले, आणि संशोधक व वापरणारा यांच्यातील तुटलेला दुवा त्या मागणीने सांधला.

शाळांना संगणक पुरविणाऱ्या १९९६ च्या ‘टायगर लीप’ योजनेला या यशाचे सारे श्रेय देण्याची प्रथा आहे. ती कालक्रमाशी जुळत नाही. २००३ साली अवतरलेल्या ‘स्काइप’चे एस्टोनियन प्रोग्रामर १९९० च्या सुमारासच संगणकीय खेळ रचीत होते. त्यांचे कौशल्य संक्रमणापूर्वीचे. संक्रमणाने त्याला स्वीडन व डेन्मार्कमधील उद्योजकांची जोड दिली. लाकूडकामासारख्या पारंपरिक धंद्यांना मात्र ना शासनासारखा ग्राहक लाभला, ना असे भागीदार.