गाळातला दोषी शोधताना

लोणी काळभोरच्या शिवाराला मुळा-मुठेचे पाणी दोन वाटांनी भेटते. एक खुद्द नदी. दुसरा मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी वाहून आणणारा बेबी कालवा. पुण्याने नदीत सोडलेले बरेच काही वाटेत तळाशी बसते. पाणी वाहून जाते, गाळ राहतो. त्या गाळाची नीट चौकशी कशी करायची, हे जगाला गेल्या साडेतीन दशकांत टप्प्याटप्प्याने उमगले.

गाळात कोणकोणती रसायने आहेत, याची यादी प्रयोगशाळा देते. पण त्यातले जीवघेणे कोणते, हे यादी सांगत नाही. मातीच्या कणांना घट्ट चिकटलेले रसायन भरपूर असूनही जिवांना बाधेलच असे नाही. सांडपाण्याचीही अडचण हीच: यादीवरून दोषी कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस सांडपाण्यासाठी वेगळी पद्धत आखली: प्रदूषकांचा एकेक गट बाजूला काढायचा आणि विषारीपणा उतरला का, ते जिवंत प्राण्यांवरच पाहायचे.

गाळापाशी ही पद्धत अडली. सुरुवातीला गाळातले पाणी वेगळे काढून तपासत. पण तळाचे जीव गाळातच राहतात, तोच खातात. द्रावकाने धुतला तर गाळाचा मूळ स्वभावच बदलतो. २००४मध्ये संशोधकांनी नारळाच्या करवंटीच्या कोळशाची पूड वापरून दाखवली. ती गाळात मिसळली की कीटकनाशके, तेलातली संयुगे तिला चिकटतात. ही रसायने गाळातच राहतात, पण जिवांच्या वाट्याला येत नाहीत. तेवढ्याने प्राणी वाचले, तर दोष अशा सेंद्रिय, म्हणजे कार्बनी प्रदूषकांचा. धातूंसाठी रेझिन आणि अमोनियासाठी झिओलाइट वापरतात. पूड स्वतः घातक नाही ना, हे स्वच्छ गाळात मिसळून पाहतात. २००७मध्ये या पद्धतींची मार्गदर्शिका निघाली.

दोषी अनपेक्षितही निघू शकतो. २००५मध्ये कॅलिफोर्नियातील रोझव्हिल शहराच्या ओढ्यांचा गाळ विषारी आढळला. मुख्य संशय कारखान्यांवर नव्हे, घरांभोवती फवारल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकांवर आला.

आपल्याकडे २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने धरण-तलावांतला गाळ शेतात नेला. सुपीक गाळाचे मोल शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मात्र शहराखालच्या नदीचा गाळ तलावाच्या गाळासारखा नसतो. मुळा-मुठेचा गाळ उपसण्याआधी, शेतात पसरण्याआधी त्याची अशी चाचणी झालीच पाहिजे. दोषी कळला, तरच तो नदीत येतो कुठून, हे शोधता येईल आणि तिथेच अडवता येईल.