काळा बंपर, पांढरं फडकं

सोलापुरात विजापूर रोडला सकाळचे साडेसात वाजलेत आणि ऊन आताच अंगावर यायला लागलंय. वॉशिंग सेंटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका निवृत्त शिक्षकांची पांढरी एसयूव्ही उभी आहे, 2014 सालची. पत्र्याचा रंग अजून बरा आहे. पण चाकांवरच्या कमानी, दारांखालची क्लॅडिंग आणि बंपरचा खालचा भाग, म्हणजे जेवढं म्हणून काळं प्लास्टिक होतं तेवढं सगळं करडं पडलंय. पुढच्या चाकावरची एक कमान तर पार पांढुरकी पडलेली दिसते, कारण घरासमोर गाडीची तीच बाजू दुपारभर उन्हात असते.

"रंग उडाला हो सगळा," शिक्षक म्हणतात.

"रंग कुठं जातोय सर, आतच हाय की," मिस्त्री म्हणतात आणि कोपऱ्यात पडलेला तुटक्या बंपरचा तुकडा उचलून आणतात. तो उलटा करतात. आतल्या बाजूला, जिथं कधी ऊन पोचलं नाही, तिथं प्लास्टिक अजून काळंकुट्ट आहे आणि त्यावर बारीक ठशात अक्षरं उठलेली आहेत: पीपी, ईपीडीएम, टी-20. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ईपीडीएम हे त्यात मिसळलेलं रबर, आणि टी-20 म्हणजे वीस टक्के शंखजिऱ्याची पूड. काळेपणा काजळीचा, ती वरून लावलेली नसते, मालातच घोटलेली असते. उन्हातले अतिनील किरण वरच्या पातळ थरातल्या प्लास्टिकच्या साखळ्या तोडतात. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, शंखजिऱ्याची पांढरी पूड उघडी पडते आणि प्रकाश तिथं विखुरला की काळं करडं दिसतं. बिघाड सगळा वरच्या थरात असतो.

सेंटरवरचा पोरगा कामाला लागतो. आधी प्रेशरचं पाणी, मग फवाऱ्यातून क्लीनर, मग ब्रश. या प्लास्टिकला चामड्यासारखे बारीक दाणे असतात आणि सगळी घाण त्या दाण्यांच्या मधल्या खाचांत बसलेली असते. फेस आधी तपकिरी निघतो, मग राखाडी. कमानीच्या कडेला पांढरे ठिपके काही केल्या हटत नाहीत. कधीतरी कुणीतरी पत्र्याला पॉलिश करताना ते प्लास्टिकवर सांडलंय आणि खाचांत वाळून बसलंय. पोरगा जुना टूथब्रश घेऊन उकिडवा बसतो आणि एकेक ठिपका घासून काढतो. घासणं संपलं की ब्लोअर. वरून कोरडी वाटणारी कमान ब्लोअर लावताच फटीतून पाण्याचा ओघळ सोडते.

तेवढ्यात शेडच्या तोंडाशी एक हॅचबॅक येऊन थांबते. जुन्या गाड्यांचा एजंट आहे. "भावा, दहाला गिऱ्हाईक येतंय, बंपर काळा मारून दे की." पोरगा उठतो, डब्यातलं सिलिकॉनचं टायर पॉलिश स्पंजवर घेतो आणि बंपरवरून दोन हात फिरवतो. बघता बघता बंपर लखलखतो. नंबरप्लेटच्या मागची धूळ तशीच आहे, फक्त आता तीही चमकतेय. पैसे देऊन एजंट निघूनही जातो.

शिक्षक घड्याळ बघतात. "मग आमच्याच गाडीला एवढा वेळ का ओ मिस्त्री?"

"थंडीत पोरांच्या पायावर पांढरे ओरखडे उठतात का नाही सर? तेल लावलं की गेले. आंघोळ केली की परत हायतच. तसलं काम हाय ते."

उपमा चपखल आहे. सिलिकॉन भेगा कायमच्या बुजवत नाही, वरवर नुसती ओली चमक आणतो. दोन धुण्यांत तो जातो, आणि असेपर्यंत धूळ चिकटवून घेतो. कुणी डिझेलचा बोळा फिरवतात, ते त्याहून वाईट. खनिज तेलानं ईपीडीएम रबर फुगतं, आणि दारांच्या बीडिंगलाही बहुधा हेच रबर असतं.

"आणि ते हीट गनचं? मी व्हिडिओत पाहिलंय."

मिस्त्री बोलत बसत नाहीत. तोच तुकडा सुलटा करून गन चालू करतात. गरम हवा जिथून फिरते तिथं करड्यातून काळी पट्टी उमटत जाते. शिक्षक खुशीत पुढं वाकतात. मग मिस्त्री मुद्दाम हात एका जागी थांबवतात. क्षणात दाणे वितळून एकमेकांत मिसळतात आणि रुपयाएवढा गुळगुळीत डाग कायमचा उरतो. पॉलिप्रॉपिलिन साधारण 160 अंशांच्या पुढे वितळतं आणि गनची हवा सहज 500 अंशांवर जाते. शेजारचा रंग फुगायला किंवा काच तडकायलाही वेळ लागत नाही. शिवाय असं आलेलं काळेपण काही महिन्यांचंच.

आता खरं काम. रंगाच्या कडेनं मास्किंग टेप लागते. स्पिरिटनं भिजवलेलं पांढरं फडकं क्लॅडिंगवरून फिरतं. पहिल्यांदा काळपट होतं, दुसरं फडकं पांढरंच राहतं. मगच मिस्त्री सिरॅमिक कोटिंगची इवलीशी बाटली उघडतात. पॅडवर चार थेंब, हातभर जागा, आडवं-उभं चोळायचं आणि वाळायच्या आत जास्तीचं टिपून घ्यायचं. नाहीतर ओघळ तिथंच कडक होतात. पत्रा तापायच्या आत, सावलीतच हे उरकायचं असतं, म्हणून सकाळची वेळ. कमानीचा अर्धा भाग काळा, अर्धा करडा असा समोर दिसतो, तेव्हा शिक्षकांच्या चेहऱ्यावरचा वेळेचा हिशेब मिटतो. तरी एक शंका उरतेच: "काळं झालं, पण चमक नाही आली."

"शोरूममधनं आणली तवा कुठं चमकत होती सर?"

शिक्षक हसतात. चोवीस तास पाणी लावायचं नाही, आठवडाभर शॅम्पू नाही, आणि शक्यतो सावलीत लावायची, एवढ्या सूचना मिळतात. जपली तर वर्षभर तरी बघायला नको, असं मिस्त्री सांगतात. रोज दुपारी उन्हात उभी केली तर ते कमीच टिकणार.

वाचकांनो, यातून गाडी विकत घेणाऱ्यानंही एक गोष्ट उचलावी. जुनी गाडी बघायला गेलात आणि बंपर नव्याहून काळा, वर चकाकताना दिसला, तर खिशातला पांढरा रुमाल त्यावर जोरात घासा. रुमाल तेलकट झाला तर ती चमक आज सकाळची आहे. मग किंमत ठरवण्याआधी गाडीचं बाकीचं अंगही तेवढ्याच बारकाईनं तपासा.