आकाश खुले, धावपट्टीचे काय?

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभरातील विमानतळांवर जे घडले, त्याला केवळ प्रवाशांची गैरसोय म्हणणे अपुरे ठरेल. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची अडीच हजारांच्या आसपास उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांना आठवड्यातून सलग ४८ तास विश्रांती देणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घालणारे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून अमलात आला. कंपनीची तयारी अपुरी पडली. मग नमते कोणी घेतले? नियामकाने. रात्रपाळीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट मिळाली आणि भाडे आवरण्यासाठी सरकारला कमाल मर्यादा ठरवावी लागली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला यातील भाड्यापेक्षा सूट अधिक अस्वस्थ करते. सुरक्षिततेसाठी केलेला नियम एका कंपनीच्या अडचणीपुढे स्थगित होतो, याचा अर्थ ती कंपनी नियमापेक्षा मोठी झाली आहे. देशांतर्गत प्रवासी वाहतुकीत इंडिगोचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक आहे. एअर इंडिया समूह धरला तर दोघांकडे मिळून सुमारे ९० टक्के. निकोप स्पर्धेचे धोरण स्वस्त तिकिटासाठी असते, असा आपला समज आहे. माझ्या मते ते त्याहून अधिक, सरकारला ‘नाही’ म्हणता यावे यासाठी असते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नाची जुनी आवर्तने दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डाकोटा विमाने स्वस्तात उपलब्ध झाली आणि परवाने सढळ हाताने वाटले गेले. प्रवासी थोडे, कंपन्या फार. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने हे दुखणे नेमके ओळखले आणि कंपन्यांनी स्वेच्छेने एकत्र यावे, असे सुचवले. तसे झाले नाही. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. १९९४ मध्ये तो कायदा रद्द होऊन आकाश पुन्हा खुले झाले. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त त्याच दशकात अस्तंगत झाल्या. पुढे २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट, २०२३ मध्ये गो फर्स्ट. परवाने देणे म्हणजे स्पर्धा घडवणे, ही चूक आपण दोनदा केली.

सेवेच्या आरंभीच्या काळात माझी नेमणूक आसामच्या बराक खोऱ्यात होती. पावसाळ्यात रेल्वेमार्ग व रस्ता दरडींनी बंद झाला की कोलकात्याचे विमान हाच रुग्णांचा आधार असे, आणि ते एकाच कंपनीचे. ते येणार नाही असे कळले की माझ्या कार्यालयाबाहेर माणसे उभी राहत. कारण विचारण्याचा अधिकार मला होता. पर्याय देण्याचा नव्हता. १९९४ मध्ये आलेल्या मार्ग-विभाजनाच्या नियमांनी नफ्याच्या मार्गांवर उडणाऱ्या प्रत्येक कंपनीला ईशान्येसारख्या प्रदेशांत ठरावीक क्षमता देणे बंधनकारक केले. ओझे सर्वांवर समान असल्याने हे बंधन न्याय्य होते.

याउलट उदाहरण ‘५/२०’ या नियमाचे. पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमाने असल्याखेरीज भारतीय कंपनीला परदेशी उड्डाण नाही. २००४ मधील हा नियम जुन्यांची तटबंदी ठरला. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने पाच वर्षांची अट काढली. पण वीस विमानांची अट ठेवली.

आज खरी तटबंदी धावपट्टीवर आहे. मुंबईसारख्या विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, मोजक्याच असतात. ज्याने गेल्या हंगामात आपला स्लॉट ८० टक्के वापरला, त्याचा पुढच्या हंगामातही त्यावर हक्क, ही जगभरची रीत. त्यामुळे नव्या कंपनीकडे विमान असते, वैमानिक असतात. सकाळी सातची वेळ नसते. आणि व्यावसायिक प्रवासी सकाळी सातलाच निघतो. नवी मुंबईचा विमानतळ नुकताच सुरू झाला आहे. तेथील स्लॉट जुन्याच प्रमाणात वाटले गेले, तर दोन समूहांचे वर्चस्व आपण आपल्याच हाताने आणखी एका धावपट्टीवर नोंदवून ठेवू.

तेव्हा तीन गोष्टी व्हाव्यात. नव्या व मोकळ्या होणाऱ्या स्लॉटमधील निश्चित हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखावा आणि वाटपाचा तपशील जाहीर असावा. महासंचालनालय मंत्रालयाच्या देखरेखीखालून काढून संसदेला उत्तरदायी करावे. आणि वेळापत्रक मंजूर करतानाच पुरेसे वैमानिक आहेत का, हे तपासले जावे. आपल्या स्पर्धा कायद्यात मोठे असणे हा गुन्हा नाही, वर्चस्वाचा गैरवापर हा गुन्हा आहे. ते योग्यच आहे. म्हणूनच स्पर्धा आयोगाचे काम गैरवापर घडल्यानंतर सुरू होते. त्याआधीची जबाबदारी धोरणाची आहे.

भाड्याची मर्यादा सरकार एका रात्रीत ठरवू शकले. दुसरी, तिसरी कंपनी एका रात्रीत उभी करता येत नाही. ती तयारी संकट नसतानाच करावी लागते.